ठरलेलं पदक

‘‘बिल्ला ठरला व्हता. पर द्यायला सरकारकडं बिल्लाच न्हवता.’’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. बोलणारे होते माझ्या आईचे चुलते, आमचे छोटे नाना. सारा गाव त्यांना हवालदारनाना म्हणायचा. इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठाला आमचं आजोळ. नाना मुंबई सॅपर्समध्ये, म्हणजे खडकीच्या इंजिनिअर पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीला जाऊन आले, नंतर काश्मीरच्या लढाईत होते, आणि पेन्शन घेऊन गावी परतल्यावर त्यांनी दोन एकर रान आणि चार शेळ्या सांभाळल्या. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंडा चढायचा तेव्हा नाना खाकी कोट घालून, छातीवर बिल्ल्यांची पट्टी लावून पहिल्या रांगेत उभे असायचे. आम्हा पोरांना झेंड्यापेक्षा त्या बिल्ल्यांचं अप्रूप जास्त.

कुणी विचारलं, ‘‘नाना, यातला बहादुरीचा कोणता?’’ की नाना पट्टीच्या टोकाला असलेल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवायचे. म्हणायचे, ‘‘ह्यो हितला.’’ आणि मग वरचं वाक्य.

हकीकत अशी होती. १९४८ साली नौशेऱ्याच्या पुढच्या रस्त्यावर नानांच्या पुढची लाकडाच्या फळ्यांनी भरलेली गाडी तोफेच्या माऱ्यात पेटली. आतले दोघे जखमी. नानांनी दोघांना ओढून बाहेर काढलं, आणि मग ती जळती गाडी स्वतःच्या गाडीने ढकलत दरीकडेला नेली, म्हणून मागची रांग पुढे सरकू शकली. त्यांच्या साहेबाने पाठीवर हात ठेवून सांगितलं, ‘‘तुझं नाव वर पाठवलंय.’’ ते नाव वर गेलं ते गेलंच. खाली काही आलं नाही.

गावाला ही गोष्ट पाठ होती. आणि गावच तो! पारावर कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं कर्ज मंजूर होऊन हातात आलं नाही, की लोक म्हणायचे, ‘‘आरं, त्याचा हवालदारनानाचा बिल्ला झाला.’’ नाना हसायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

आता माझी चूक सांगतो. तिच्यासाठीच आज बोलायला बसलो आहे.

मी बारामतीला बी.ए. करत होतो. मोरोपंतांच्या गावात राहायचं आणि मराठी विषय घ्यायचा म्हटल्यावर कविता सुटत नाही. त्यातही विनोदी कवितेला टाळ्या लवकर मिळतात, हे एकोणिसाव्या वर्षी मला कळून चुकलं होतं. १९८९ च्या गणेशोत्सवात आजोळी गेलो तेव्हा मंडळाच्या पोरांनी मला स्टेजवर चढवलं. मी ‘ठरलेलं पदक’ नावाची कविता वाचली. तिच्यात एक शिपाई होता, त्याचा बिल्ला ठरलेला होता, पण सरकारकडे पितळ संपलं होतं. नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायची गरजही नव्हती. मांडव हसून हसून लोळला. मी कागदावरून डोळे वर केले, तेव्हा नाना दुसऱ्या रांगेत बसलेले दिसले. तेही हसत होते. खाली उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘झ्याक लिवलंयस. पितळंचं मातुर तुला कुणी सांगितलं?’’ एवढंच.

पुढच्या सव्वीस जानेवारीला नाना झेंड्याला आले, पण साध्या सदऱ्यात. छातीवर पट्टी नव्हती. त्यानंतर १९९६ साली ते गेले, तोवर ती पट्टी त्यांनी पुन्हा लावली नाही. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘टाचणी गंजली गं.’’

मित्रहो, मी कवी माणूस, इतिहासकार नव्हे. पण २००६ साली इंदापूरच्या एका कार्यक्रमासाठी प्रजासत्ताक दिनावर चार शब्द बोलायचं ठरलं, म्हणून बारामतीच्या वाचनालयात शौर्यपदकांविषयी वाचत बसलो होतो. तिथे एक साधी तारीख समोर आली आणि मी थबकलो. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही आपली तिन्ही युद्धकाळातली शौर्यपदकं स्थापन झाली २६ जानेवारी १९५० ला. काश्मीरची लढाई सुरू झाली ऑक्टोबर १९४७ मध्ये आणि शस्त्रसंधी झाला १ जानेवारी १९४९ ला. म्हणजे ती लढाई सुरू झाली, चौदा महिने चालली, थांबली, त्यावर आणखी एक वर्ष उलटलं, आणि मग कुठे द्यायला पदक तयार झालं.

नाना म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं. १९४८ साली सरकारकडे बिल्लाच नव्हता.

हे कसं घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. इंग्रजी अमलात सगळ्यात मोठं शौर्यपदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. राणीने ते १८५६ साली सुरू केलं, पण हिंदी शिपायांना त्यासाठी १९११ पर्यंत थांबावं लागलं. पहिला मान मिळाला खुदादाद खान यांना, १९१४ साली बेल्जियममध्ये गाजवलेल्या पराक्रमाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणीच्या दोन जवानांनी इटलीत हे पदक मिळवलं. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला ते मिळवलं आणि त्याच लढाईत ते कामी आले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर. सेनिओचं नाव नानांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकलं होतं. आपल्या नीरेएवढीच नदी, म्हणायचे.

मग १५ ऑगस्ट १९४७ उजाडला. देश स्वतंत्र झाला, पण लगेच प्रजासत्ताक झाला नाही, हे आपण विसरतो. पुढची जवळजवळ अडीच वर्षं भारत हा ब्रिटिश राष्ट्रकुलातला एक ‘डोमिनियन’ होता. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज हा कागदोपत्री आपला राजा होता. आणि तोच राजा पाकिस्तानचाही राजा होता! आता पेच बघा. काश्मीरमध्ये दोन्ही देशांच्या फौजा एकमेकींसमोर आल्या. राजाचं पदक द्यायचं तर ते कुणाविरुद्धच्या शौर्यासाठी? एका हाताने आपल्या एका प्रजेच्या छातीवर पदक लावायचं, ते आपल्याच दुसऱ्या प्रजेशी लढल्याबद्दल? हे राजालाही जमणारं नव्हतं, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आपल्या सरकारलाही इंग्रजांची पदकं वाटायची नव्हती. जुनी पदकं बंद झाली. नवी अजून झाली नव्हती. त्या मधल्या फटीत माणसं मात्र लढत होती, मरत होती.

सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. लढाई चालू असतानाच, १९४८ साली, नव्या पदकांची नावं ठरली, श्रेणी ठरल्या, आराखडे निघाले. पण देशाचा प्रमुख राजा, त्यामुळे पदक स्थापन करायचं तर राजाची सनद हवी. तसा मसुदाही तयार झाला. म्हणजे राजाच्या सनदेने स्थापन झालेलं परमवीर चक्र कागदावर आकाराला आलं होतं. त्या वेळी गव्हर्नर जनरल होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. त्यांचं म्हणणं असं पडलं की देश लवकरच प्रजासत्ताक होणार आहे, मग आपली सर्वोच्च शौर्यपदकं परक्या राजाच्या सनदेने कशाला? थांबू, आणि आपल्या राष्ट्रपतींच्या नावाने देऊ. आणि तसंच झालं. राजाच्या सनदेचं ते पदक ठरलं, पण अधिकृतपणे कुणाच्याही छातीवर कधीच लागलं नाही. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताकाची पदकं जाहीर झाली आणि त्यांचा अंमल मागे नेऊन १५ ऑगस्ट १९४७ पासून धरला गेला.

राजगोपालाचारींचा निर्णय मला योग्यच वाटतो. एक गंमत सांगतो, म्हणजे त्यामागचं कारण पटेल. त्याच काळात ‘स्वातंत्र्य पदक’ म्हणून एक बिल्ला निघाला, स्वातंत्र्यदिनी नोकरीत असलेल्या जवानांसाठी. ते शौर्यपदक नव्हतं. त्याला राजाची सनद मिळाली होती. त्याच्या एका बाजूला राजाचं नाव आणि मुकुट, दुसऱ्या बाजूला अशोकाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. मुकुट जाणार आणि सिंह येणार, हे दोन्ही एकाच नाण्यावर! परमवीर चक्राच्या कपाळीही असाच मुकुट आला असता. तो आला नाही, हे बरंच झालं. पण बरोबर निर्णयाचीही किंमत कुणीतरी मोजतं. ती इथे काळाच्या रूपाने मोजली गेली, आणि ती मोजणारे दिल्लीत नव्हते.

पदकाची घडण कुणी केली, ही गोष्ट तर आपल्या मराठी घरातली आहे. लष्कराचे पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल हिरालाल अटल यांनी हे काम सोपवलं सावित्रीबाई खानोलकर यांच्याकडे. नाव वाचून वाटेल की कोकणातल्या कुणी बाई असाव्यात. पण त्यांचा जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधला, माहेरचं नाव ईव्ह. वडील हंगेरीचे, आई रशियन. इंग्लंडमध्ये लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी त्यांची ओळख झाली आणि १९३२ साली त्या भारतात येऊन त्यांच्याशी लग्न करून इथल्याच झाल्या. मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. आपल्या पालखीच्या वाटेवर उभं राहून वारकऱ्यांना पाणी देणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्या मुसलमानाला या बाई परक्या वाटत नाहीत. माणूस कुठल्या मातीत जन्मला यापेक्षा त्याने कोणत्या मातीला आपलं म्हटलं, ते मोठं.

सावित्रीबाईंना दधीची ऋषींची कथा आठवली. असुरांशी लढायला देवांना शस्त्र हवं होतं, तेव्हा दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून इंद्राचं वज्र घडलं. परमवीर चक्रावर मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्याभोवती चार वज्रं आहेत. धातू साधा कांस्य, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा गोल, वर जांभळी फीत. सोनं नाही, हिरे नाहीत. नानांनी मला विचारलं होतं, ‘‘पितळंचं तुला कुणी सांगितलं?’’ त्या प्रश्नाचा अर्थ मला सतरा वर्षांनी लागला. माझ्या कवितेत चेष्टेने आलेला तो स्वस्त धातू हाच देशाच्या सर्वोच्च पदकाचा जवळचा भाऊबंद आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

आणखी एक विलक्षण योग असा की पहिलं परमवीर चक्र ज्यांच्या नावे गेलं ते मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरजवळ बडगामला ते पडले. त्या दिवशी परमवीर चक्र हा शब्दसुद्धा जन्माला आलेला नव्हता.

त्या लढाईतली पाच परमवीर चक्रं आहेत. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग, रामा राघोबा राणे, पीरू सिंग आणि करम सिंग. पाचही जणांनी जे केलं ते पदक अस्तित्वात येण्याआधी केलं. तिघे तर ते बघायलाही उरले नाहीत. पदकाच्या आशेने कुणी लढत नाही, असं आपण भाषणात म्हणतो. या पाच जणांच्या बाबतीत ती भाषणाची ओळ राहत नाही, तारखांनी सिद्ध झालेली गोष्ट आहे. नसलेल्या वस्तूची आशा कोण धरणार?

यातले राणे नानांच्याच मुंबई सॅपर्सचे, कारवारकडचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे फौज निघाली, तेव्हा वाटेत शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडं पाडून रस्ता अडवला होता. आठ एप्रिलला राणे यांच्याबरोबरचे काही जवान पडले, काही जखमी झाले, स्वतः राणेही जखमी झाले. तरी ते रणगाड्याखाली सरपटत, चालकाला दोरीने खुणा करत पुढे सरकले. चार दिवस हा माणूस सुरुंग काढत, वळणरस्ते तयार करत राहिला आणि फौज राजौरीत पोहोचली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. नाना दुसऱ्या तुकडीत होते, पण राण्यांचं नाव घेताना नेहमी ‘राणेसाहेब’ म्हणायचे आणि उभे असले तर टाचा जुळवायचे.

ब्रिगेडियर महंमद उस्मान यांचंही नाव घ्यायला हवं. फाळणीनंतर पाकिस्तानकडून बोलावणं असताना हा आझमगडचा सैनिक इथेच राहिला. ६ फेब्रुवारी १९४८ ला त्यांनी नौशेरा राखलं. झांगड परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी त्यांची शपथ होती, आणि मार्चमध्ये त्यांनी ते परत घेतलंही. ३ जुलैला त्याच झांगडला तोफगोळ्याने ते गेले. दिल्लीला जामिया मिलियाच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांना महावीर चक्र मिळालं. पण त्यांना मूठमाती दिली तेव्हा महावीर चक्र अजून फाइलीतच होतं. पलीकडच्या बाजूलाही वेगळं घडलं नाही. पाकिस्तानचं सर्वोच्च पदक निशान-ए-हैदर स्थापन झालं १९५७ साली, आणि तेही असंच मागच्या तारखेने लागू झालं. दोन्हीकडच्या विधवांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

ठरलेली पण न दिलेली पदकं जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांनी १८६२ साली शौर्यपदकाचा कायदा केला, पण पदकं काही घडली नाहीत. मग त्यांनी शूरांच्या नावांची यादी केली आणि ती पलटणींसमोर कवायतीच्या वेळी मोठ्याने वाचायची, असं ठरवलं. हिटलरच्या जर्मनीत ‘आयर्न क्रॉस’च्या सर्वोच्च श्रेणीचा एक तारा घडवून ठेवला होता. तो घालायची वेळ आलीच नाही, आणि युद्ध संपल्यावर तो अमेरिकी सैनिकांच्या हाती लागला. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०१३ मध्ये, अमेरिकेने ड्रोन चालवणाऱ्यांसाठी एक पदक जाहीर केलं. रणांगणावर जीव धोक्यात घालणाऱ्यांच्या पदकापेक्षा हे वरचं कसं, म्हणून माजी सैनिक खवळले. एप्रिलमध्ये ते रद्द झालं. एकालाही मिळालं नाही.

आणि आपल्या आझाद हिंदची पदकं? नेताजींनी १९४२ साली जर्मनीत ती सुरू केली. ती व्हिएन्नात घडली. नावं काय सुंदर होती! शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. या शब्दांत संस्कृत आणि फारसी एकाच ताटात जेवतात. ‘वीर’ इकडचा, ‘ए’ तिकडचा, ‘हिंद’ सगळ्यांचा. ही पदकं दिली गेली, पण देणारं सरकारच हरलं. युद्धानंतर ती भारतीय लष्कराच्या गणवेशावर कधी चढली नाहीत. म्हणजे काहींचं पदक ठरून मिळालं नाही, आणि काहींचं मिळूनही ठरलं नाही.

आता नानांकडे येतो. राहिलेली पदकं मागच्या तारखेने दिली, मग नानांना का नाही? इथे मी सांभाळून बोलतो. शौर्यपदकाची शिफारस म्हणजे लांबचा प्रवास असतो. पहिल्यांदा तुकडीच्या साहेबाने हकीकत लिहायची, डोळ्यांनी पाहणाऱ्यांची साक्ष जोडायची. मग ती एकेक पायरी वर जाते आणि प्रत्येक पायरीवरचा अधिकारी ती इतर हकीकतींशी ताडून बघतो. कुणाची श्रेणी खाली येते, कुणाचं नाव गळतं. शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी आणि राजपत्रात नाव. नेहमीच्या दिवसांतही नावं गळतात. इथे तर वर घ्यायला पदकच नव्हतं. साहेब बदलून जातात, साक्षीदार मरतात किंवा पेन्शनीत निघतात. नानांनी ओढून काढलेल्या दोघांपैकी एक त्याच रात्री गेला, दुसरा हात गमावून आपल्या गावी परतला. साक्ष द्यायला कोण उरलं?

नानांचं नाव कुठल्या यादीत होतं, असा माझ्याकडे पुरावा नाही. त्यांचं नाव वर गेल्यावर कुणी त्याला पात्र मानलं नसेल, असंही होऊ शकतं. त्यामुळे ‘नानांना वीर चक्र मिळायला हवं होतं’ असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की नाना खोटं बोलले नव्हते. गावाने ज्या वाक्याला थाप समजून पन्नास वर्षं हसून घेतलं, आणि ज्याच्यावर मी कविता करून टाळ्या घेतल्या, ते वाक्य इतिहासाच्या कसोटीला उतरलं आहे. अशिक्षित म्हणून आपण ज्याच्याकडे पाहत होतो, त्याला डोमिनियन, सनद, प्रजासत्ताक हे शब्द माहीत नव्हते. पण त्या सगळ्या गुंत्याचं सार त्याने आठ शब्दांत सांगितलं होतं. मी पदवीधर असून मला ते कळलं नव्हतं.

२००६ च्या जानेवारीत, तो कार्यक्रम व्हायच्या आधी, मी बारामतीहून एसटीने निघालो. भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर असा रस्ता आणि तिथून पुढे आजोळ. नानी तेव्हा हयात होती. दिसत कमी होतं, पण हाताला सगळं ठाऊक होतं. म्हटलं, ‘‘नानी, नानांचे बिल्ले बघायचेत.’’ तिने कोनाड्यातला पत्र्याचा डबा काढून दिला. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ती पट्टी होती. महायुद्धाचे तारे होते. मुकुट आणि सिंहवालं स्वातंत्र्य पदक होतं. आणि १९४७ चं सामान्य सेवा पदक होतं, वर जम्मू-काश्मीरची कडी असलेलं. त्याच्यावर भवानी तलवार कोरलेली आहे. काश्मीरच्या लढाईत होते त्या सगळ्यांना ते मिळालं, आणि नाना त्या सगळ्यांतले एक होते.

पट्टी उलटून पाहिली. टाचणी स्वच्छ होती. तेल लावून पुसलेली. गंजाचा डागसुद्धा नाही.

मी नानीला सगळं सांगितलं, १९५० ची तारीख, राजाची सनद, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘त्ये म्हनायचेच की. तुमी ऐकलं न्हाई.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘तुझ्या त्या कवितेचा कागद त्यास्नी पायजे व्हता. मागू का नको करत ऱ्हायले.’’ कशाला हवा होता, ते मी विचारलं नाही. मला धीर झाला नाही.

त्या सव्वीस जानेवारीला सकाळी आधी गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांची परवानगी घेतली. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, आणि मग मी पोरांना वर सांगितलेली हकीकत सोपी करून सांगितली. मोठी माणसंही उभी होती, त्यांतली काही १९८९ च्या मांडवात होती. शेवटी मी नानांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि पलटण मोठ्याने वाचली. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला कळेना. मागून एक म्हातारे पुढे आले, पारावरची ती म्हण ज्यांच्या तोंडी कायम असायची तेच. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले.

ती कविता मी पुन्हा कुठे वाचली नाही, कुठल्या संग्रहातही घेतली नाही. पट्टी आता माझ्या मामेभावाकडे आहे. दर सव्वीस जानेवारीला त्याचा मुलगा ती शाळेत घेऊन जातो. टोकाची ती जागा अजून रिकामी आहे. पोरं विचारतात, ‘‘इथं काय होतं?’’ आणि तो मुलगा त्यांना, न हसता, नानांचं वाक्य सांगतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)